नदीतून माल नेण्याचं अनुदान: पैसा कुठे टिकतो, कुठे बुडतो

१५ डिसेंबर २०२४ रोजी कोलकात्यात केंद्र सरकारने ‘जलवाहक’ योजना सुरू केली. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या नद्यांच्या जलमार्गांवरून ३०० किलोमीटरपेक्षा लांब माल पाठवला, तर पाण्यावरच्या प्रवासाला आलेल्या खर्चापैकी ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम मालधन्याला परत मिळते. मुदत तीन वर्षं, तरतूद ९५.४२ कोटी रुपये. पाण्यावरची वाहतूक सगळ्यांत स्वस्त, हे शाळेच्या भूगोलातच शिकवतात. मग जे आधीच स्वस्त आहे त्याच्यावर आणखी सरकारी पैसे कशाला?

कारण स्वस्त आहे तो फक्त मधला टप्पा. माल नदीपर्यंत आणायला, बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेत, भरायला, पलीकडे उतरवायला आणि तिथून पुढे पोचवायला जो खर्च येतो, त्यात पाण्यावर वाचलेले पैसे बहुतेक वेळा संपून जातात. अनुदान कुठल्या टप्प्यावर द्यायचं हा प्रश्न त्यामुळेच अनुदान किती द्यायचं यापेक्षा मोठा आहे.

आधी दारापासून दारापर्यंतचा हिशेब

मालवाहतूक मोजायचं माप म्हणजे टन-किलोमीटर. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. दहा टन शंभर किलोमीटर नेले की हजार. राइट्स या सरकारी सल्लागार कंपनीच्या २०१४ च्या अभ्यासात एका टन-किलोमीटरचा खर्च रस्त्याने २.५० रुपये, रेल्वेने १.३६ रुपये आणि जलमार्गाने १.०६ रुपये धरला होता. आकडे जुने झाले, पण सरकारी कागदांत अजून तेच फिरतात आणि आपल्याला इथे तुलनेपुरतेच हवेत.

आणखी एक आकडा नेहमी ऐकू येतो: एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो ओढते, रुळांवर ५०० आणि पाण्यात ४,००० किलो. भाषणात हा आकडा छान वाजतो, हिशेबाला मात्र उपयोगाचा नाही. बार्ज हळू चालते, म्हणून तेच इंजिन कितीतरी जास्त तास चालवावं लागतं. हिशेबाला इंधनाचा आकडा घ्यावा: एक लिटर डिझेलमध्ये रस्त्याने २४, रेल्वेने ८५ आणि पाण्याने १०५ टन-किलोमीटर. म्हणजे ट्रकपेक्षा फायदा चौपटीहून जास्त; रेल्वेपेक्षा मात्र जेमतेम पाव भाग. नदीची खरी स्पर्धा रेल्वेशी असते आणि तिथे फरक पातळ आहे.

आता एक टन माल कारखान्यापासून गोदामापर्यंत नेऊन बघू. वर दिलेले दर तेच, बाकीचे आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले.

ट्रकने अंतर ४५० किलोमीटर. २.५० ने गुणलं की ११२५ रुपये. दारातून उचलला, दारात टाकला.

नदी वळणं घेत जाते, म्हणून पाण्याने ५५० किलोमीटर. १.०६ ने गुणलं की ५८३ रुपये. इथे जवळपास निम्मे पैसे वाचलेले दिसतात. पण कारखाना धक्क्यापासून ३० किलोमीटरवर आहे आणि गोदामही पलीकडच्या धक्क्यापासून तेवढंच. छोट्या फेरीत ट्रकचा निम्मा दिवस रांगेत आणि भरण्यात जातो, म्हणून तो किलोमीटरमागे जास्त भाडं मागतो; दोन्हीकडचे १५०-१५० धरू. ट्रकमधून बार्जमध्ये आणि बार्जमधून पुन्हा ट्रकमध्ये ही दोन चढउतारं जास्तीची, प्रत्येकी १०० रुपये. बेरीज झाली १०८३.

वाचले ४२ रुपये. त्यासाठी मालधनी पाच दिवस जास्त थांबेल का? मालाची किंमत टनाला ३०,००० रुपये असेल आणि भांडवलावर १२ टक्के व्याज धरलं, तर पाच दिवसांचं व्याजच ४९ रुपये होतं. फायदा तिथेच संपला. माल टनाला ३,००० रुपयांचा असेल तर व्याज पाच रुपयांच्या आत राहतं. म्हणून जगभर नद्यांमधून दगडी कोळसा, राख, खडी, वाळू, खतं, धान्य जातं. आपल्याकडे कोलकाता-हल्दिया भागातून बांगलादेशच्या वाटेवर जाणाऱ्या मालात औष्णिक केंद्रांची राख मोठ्या प्रमाणावर असते, तेही यामुळेच. महागड्या मालाला नदीकडे वळवण्यासाठी योजना आखणं म्हणजे व्याजाशी कुस्ती खेळणं.

वरच्या उदाहरणात ३५ टक्के अनुदान आलं तर ५८३ पैकी २०४ रुपये परत मिळतील आणि एकूण खर्च ८७९ वर येईल. ट्रकपेक्षा २४६ रुपये कमी. आता मालधनी ऐकायला तयार होतो. तीन वर्षांनी अनुदान थांबलं की पुन्हा ४२. उलट, तोच कारखाना नदीच्या काठावर असता तर एका बाजूचे ट्रकचे १५० आणि चढउताराचे बरेचसे १०० कायमचे वाचले असते. म्हणजे जवळपास तेवढाच फायदा, आणि त्याला मुदत नाही.

सरकारला पैसे टाकायला चार जागा असतात: नदीच्या पात्रात, धक्क्यावर, जहाजात आणि भाड्यात. चारही जागी पैसा वेगवेगळा वागतो.

पात्र: साठ सेंटिमीटरमध्ये ३५ टक्के

एक साधी बार्ज घ्या, ७५ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद. दोन्ही टोकांची गोलाई वजा केली की पाण्याच्या पातळीवर तिचं क्षेत्रफळ साधारण ७८० चौरस मीटर. म्हणजे ती एक सेंटिमीटर खाली दबायला ७.८ टन माल लागतो. रिकामी असताना ती ७० सेंटिमीटर पाण्यात असते. तळ आणि नदीचा गाळ यांच्यात अर्धा मीटर मोकळं पाणी ठेवायचं, नाहीतर ती सुकाणूला नीट दाद देत नाही, वेगही पडतो आणि एखाद्या उंचवट्यावर बसली की बसली.

नदीत ३ मीटर पाणी असेल तर बार्ज अडीच मीटर बुडवता येते. १.८ मीटर गुणिले ७८०, म्हणजे १,४०४ टन माल. पाणी २.४ मीटर असेल तर १.९ मीटरच बुडवायची आणि माल ९३६ टन. खलाशी तेवढेच, विमा तेवढाच, कर्जाचा हप्ता तेवढाच, डिझेलही थोडंच कमी. त्यामुळे टनामागचा खर्च ढोबळमानाने दीडपट होतो. दीडपट खर्चावर ३५ टक्के सूट दिली की काय उरतं? १०० रुपयांचे झाले १५०, आणि त्या १५० चे ९७.५०. साठ सेंटिमीटर गाळाने अख्खं अनुदान गिळलं, मालधन्याच्या हातात अडीच रुपये पडले.

जलमार्गाच्या धंद्यात म्हणूनच एक आकडा सगळे आधी विचारतात: सगळ्यांत उथळ जागी पाणी किती? १,२०० किलोमीटर नदी पाच मीटर खोल असली आणि एका वळणावर दोनशे मीटरचा पट्टा दोन मीटरवर आला, तर त्या फेरीपुरती ती दोन मीटरचीच नदी. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, म्हणजे १९८६ पासून नॉयडातून काम करणारी केंद्राची संस्था, पट्ट्यापट्ट्याची किमान उपलब्ध खोली ऑनलाइन जाहीर करते.

राष्ट्रीय जलमार्ग १, म्हणजे प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा गंगा-भागीरथी-हुगळीचा मार्ग. त्यावर जल मार्ग विकास प्रकल्पात हल्दिया ते बिहारमधलं बाढ ३ मीटर, बाढ ते गाझीपूर २.५ मीटर आणि गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटर खोली राखायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. प्रकल्प मूळ अंदाजाने ५,३६९ कोटींचा, आणि जागतिक बँकेच्या ३७.५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार २०१८ मधला. वर जाल तसा आकडा घटतो हे लक्षात घ्या: वाराणसीपर्यंत जाणारी बार्ज हल्दियालाच कमी भरावी लागते, कारण वाटेत माल कमी करता येत नाही.

गाळ काढायचा खर्च सगळ्यांना कळतो. गाळ काढण्याच्या कराराची भाषा मात्र फार कमी लोक वाचतात. उपसलेल्या घनमीटरवर पैसे दिले तर कंत्राटदार जिथे गाळ सैल आहे आणि ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) नेणं सोपं आहे तिथे उपसतो. शिवाय उपसा पात्रातच थोडं बाजूला टाकला की पुढच्या पुरात तो परत येतो, म्हणजे कामही परत येतं. याऐवजी ‘या पट्ट्यात, एवढ्या रुंदीत, एवढी खोली, इतके दिवस’ असा करार केला की जोखीम कंत्राटदाराकडे जाते. खोली कमी पडली की पैसे कापले जातात. गंगेच्या काही पट्ट्यांवर असे हमीचे करार झाले आहेत. ते महाग वाटतात, पण मालधन्याच्या दृष्टीने फक्त याच पैशाला काही अर्थ आहे.

दुसरा उपाय स्वस्त आणि जुना आहे: बंडलिंग. पात्रात तिरप्या ओळीत बांबू रोवायचे, त्यांना वरच्या भागात चटया बांधायच्या. वरचं पाणी चटईला अडून मुख्य धारेकडे वळतं आणि तळाजवळचा गाळ उथळ बाजूला सरकतो, म्हणजे नदी स्वतःच आपली वाट खोदते. पावसाळा ओसरला की बांधायचं, पुढच्या पुरात वाहून जातं, पुन्हा बांधायचं. ब्रह्मपुत्रा आणि गंगेवर अजूनही हे करतात. दरवर्षी वाहून जाणाऱ्या बांबूवर खर्च दाखवायला हिशेबनीसांना अवघड जातं, ही अडचण वेगळी.

पात्रातल्या खर्चाला कुणी अनुदान म्हणत नाही, पण तेच सगळ्यांत मोठं अनुदान असतं. अमेरिकेत बार्जवाले डिझेलवर गॅलनमागे २९ सेंट कर भरतात (२०१५ पासून, त्याआधी २०), आणि तो पैसा नव्या लॉकच्या (पाण्याची पातळी वरखाली करून जहाज पुढे सोडणाऱ्या दरवाजांच्या हौदांच्या) बांधकामात ठरलेला वाटा म्हणून जातो. रोजची देखभाल आणि गाळउपसा मात्र पूर्ण केंद्राच्या तिजोरीतून. ऱ्हाईन नदीवर १८६८ च्या मानहाइम करारापासून जहाजांना नुसतं जाण्यासाठी पथकर लावता येत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय जलमार्गांवर मालवाहू जहाजाला टनेजमागे (म्हणजे जहाजाच्या आकारमानाच्या मापामागे) किलोमीटरला २ पैसे वापरशुल्क होतं. २०२० मध्ये ते आधी तीन वर्षांसाठी माफ केलं.

धक्का: इथे टाकलेला पैसा टिकतो

रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या खाडीत धरमतरला गेलं की जलवाहतूक कशी जमते ते दिसतं. अंबा म्हणजे राष्ट्रीय जलमार्ग १०, लांबी ४५ किलोमीटर. खाडीच्या काठावरच डोळवीचा पोलाद कारखाना. खनिज आणि कोळसा समुद्रातून बार्जने थेट धक्क्यावर येतो आणि सरकत्या पट्ट्यावरून कारखान्यात जातो. मधे ट्रक नाही, दुसरी चढउतार नाही. वरच्या हिशेबातले ट्रकचे १५० तिथे शून्य आहेत. गोव्यात मांडवी आणि जुवारीतून दशकानुदशकं लोहखनिजाच्या बार्ज मुरगावला जात राहिल्या, तिथेही गणित तेच: खाणीजवळचा काठ, आणि दुसऱ्या टोकाला थेट मोठं जहाज. या धंद्याला भाड्यावर सूट लागली नाही.

बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशाने हेच ओळखून १९९८ पासून वेगळी योजना चालवली. कालव्याकाठच्या कारखान्याला स्वतःची धक्क्याची भिंत हवी असेल तर बांधकामाचा ८० टक्क्यांपर्यंत खर्च सरकारचा, बाकीचा कंपनीचा. बदल्यात कंपनीने दहा वर्षं दरवर्षी ठराविक टन माल पाण्याने नेण्याची लेखी हमी द्यायची. या अटीतलं शहाणपण असं, की पैसा जातो त्याच काठावर जिथे माल आहे, आणि खोटा अंदाज दाखवणाऱ्याला तो महागात पडतो.

उलट प्रकार म्हणजे आधी मोठं टर्मिनल बांधायचं आणि मग माल शोधायचा. वाराणसीचं बहुविध (नदी, रस्ता आणि रेल्वे जोडण्यासाठीचं) टर्मिनल १२ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालं, झारखंडमधल्या साहिबगंजचं सप्टेंबर २०१९ मध्ये. वाराणसीच्या उद्घाटनाला कोलकात्याहून आलेल्या पहिल्या जहाजात १६ कंटेनर होते. १६ कंटेनर म्हणजे जास्तीत जास्त १६ ट्रेलर. मोठा धक्का चुकीचा नसतो, पण त्याच्या मागे गोदाम, रेल्वेचा फाटा आणि काठाला लागून कारखानदारीला जागा नसेल तर तो फक्त उंच क्रेन असलेला काठ राहतो. माझा कल स्पष्ट आहे: एका भव्य टर्मिनलच्या पैशात पाच-सात साध्या तरंगत्या जेट्ट्या, प्रत्येक एखाद्या सिमेंट कारखान्याच्या किंवा खत गोदामाच्या दाराशी, जास्त माल ओढतील. गंगेची पातळी उन्हाळा-पावसाळ्यात कित्येक मीटर वरखाली होते, त्यामुळे पाण्याबरोबर वरखाली होणारी जेट्टी पक्क्या भिंतीपेक्षा कामाला सोपी पडते.

जहाज: इथे जरा जपून

भारतात देशात बांधलेल्या नदीजहाजाच्या किमतीवर ३० टक्के अनुदान देणारी योजना होती. ती मार्च २००७ मध्ये संपली. जहाजाला अनुदान देणं सरकारला सोयीचं असतं. एक फाइल, एक जहाज, एक फोटो. पण जहाजामुळे माल येत नाही. भरपूर जहाजं आणि थोडा माल झाला की भाडी पडतात, आणि पडलेल्या भाड्यात कुणी देखभाल करत नाही.

युरोपने हे सगळं बघितलं आहे. १९८९ मध्ये तिथे जुनी जहाजं भंगारात काढण्यासाठी पैसे द्यायचा नियम करावा लागला, कारण नद्यांत जहाजं मालापेक्षा जास्त झाली होती. त्याबरोबर ‘नव्याला जुनं’ अशी अट आली: नवं जहाज पाण्यात उतरवायचं तर तेवढ्या टनाचं जुनं मोडा किंवा दंड भरा. एका हाताने बांधायला मदत आणि दुसऱ्या हाताने मोडायला मदत, असा तो काळ. जहाजाला पैसे द्यायचेच असतील तर कमी पाण्यात चालणाऱ्या, रुंद आणि उथळ बांधणीला द्यावेत, किंवा विजेवर चालणाऱ्यांना. नुसत्या संख्येला देऊ नयेत.

भाडं: ‘जलवाहक’ कुठे बसतं

जलवाहकात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, मालधन्याला ३५ टक्क्यांपर्यंत परतावा. दोन, ठरलेल्या वेळापत्रकाने धावणारी जहाजं: कोलकाता-पाटणा-वाराणसी, आणि बांगलादेशातून जाणाऱ्या प्रोटोकॉल मार्गाने (दोन देशांच्या करारात ठरलेल्या जलमार्गाने) कोलकाता ते गुवाहाटीजवळचं पांडू. कोलकाता ते वाराणसीला १४ दिवस, कोलकाता ते पांडू १८ आणि उलट १५ दिवस असं वेळापत्रक सुरुवातीला जाहीर झालं.

दुसरी गोष्ट पहिलीइतकी चर्चेत नसते, पण ती जास्त मोलाची आहे. ज्याच्याकडे दोनशे टनच माल आहे तो अख्खी बार्ज भाड्याने घेऊ शकत नाही. ‘बार्ज भरली की निघेल’ म्हटलं तर तो ट्रक बोलावतो. अर्धी रिकामी असली तरी ठरल्या दिवशी निघणारं जहाज त्याला परवडतं, आणि ती रिकामी अर्धी जागा कुणीतरी सोसावी लागते. अनुदानाने सोसायची जागा हीच.

योजनेचं उद्दिष्ट आहे २०२७ पर्यंत ८० कोटी टन-किलोमीटर माल पाण्यावर वळवण्याचं. ९५.४२ कोटींना ८० कोटींनी भागलं की टन-किलोमीटरला १ रुपया १९ पैसे येतात. राइट्सच्या आकड्यानुसार जलवाहतुकीचा अख्खा खर्चच १.०६ होता. दहा वर्षांची महागाई जमेस धरली तरी हे प्रमाण मोठं आहे. तुलनेला युरोपीय संघाची मार्को पोलो योजना, २००३ ते २०१३ ची. तिथे रस्त्यावरून हटवलेल्या दर ५०० टन-किलोमीटरला आधी १ युरो आणि नंतर २ युरो मिळायचे. युरो ९० रुपयांचा धरला तर वाढवलेला दरही टन-किलोमीटरला ३६ पैसे. गंमत म्हणजे खर्चाच्या ३५ टक्के आणि तीन वर्षं या मर्यादा तिथेही होत्या.

मार्को पोलोचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की योजना उद्दिष्टापर्यंत पोचली नाही, आणि तपासलेल्या प्रकल्पांपैकी बरेच अनुदान नसतं तरी सुरू झालेच असते. भाड्यावरच्या प्रत्येक अनुदानाचा हा मूळ रोग आहे. कोळसा वर्षानुवर्षं पाण्यानेच नेणारा कारखानाही अर्ज भरतो. नवा माल कोणता आणि जुना कोणता, हे ठरवायला आधीच्या तीन-चार वर्षांचं पाण्यावरचं प्रमाण मोजून त्याच्यावरच्या वाढीलाच पैसे द्यावे लागतात. तसं केलं नाही तर आकडे वाढलेले दिसतात, ट्रक तेवढेच धावतात.

टक्केवारीत दिलेल्या अनुदानाचा दुसरा दोष असा की खर्च जितका जास्त तितकी रक्कम जास्त. आळशी आणि काटकसरी यांच्यात आळशाला जास्त मिळतं. मार्को पोलोत टन-किलोमीटरचं माप होतं, म्हणून काम मोजलं जायचं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरून हटलेल्या ट्रकच्या फेऱ्यांमुळे समाजाचा किती फायदा झाला, याची रक्कम काढून त्यावर अनुदान बेतायचे. तिसरा दोष बाजाराचा. एखाद्या पट्ट्यावर बार्जवाले दोन-तीनच असतील, तर मालधन्याला ३५ टक्के मिळतात हे कळताच भाडं वाढतं. नाव मालधन्याचं, पैसा बार्जवाल्याच्या किंवा चढउताराच्या ठेकेदाराच्या खिशात.

३०० किलोमीटरच्या अटीचाही परिणाम समजून घ्यावा. २९० किलोमीटरवर उतरण्याजोगा माल ३१० किलोमीटरवरच्या धक्क्यावर उतरवून ट्रकने मागे आणायचा मोह होतो. आणि कोकणातल्या आपल्या खाड्या, अंबा असो की कुंडलिका, या योजनेत बसतच नाहीत: अंतर लहान, आणि योजना तीनच जलमार्गांपुरती. कोकणाला मिळतं ते सगळ्या देशाला मिळणारं. जलमार्गाने मालवाहतुकीच्या सेवेला जीएसटी माफ आहे. ही माफी वाटते तितकी गोड नाही, कारण विक्रीवर कर नसला की बार्जमालकाला दुरुस्ती, सुटे भाग, रंग यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर गुपचूप भाड्यात जाऊन बसतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात नदीजहाजांनाही टनेज कराची सोय देण्याचं ठरलं: नफ्यावर नव्हे तर जहाजाच्या आकारावर ठरीव कर. चांगल्या वर्षात फायद्याचा, तोट्याच्या वर्षातही भरावा लागणारा.

अनुदान तीन वर्षांनी एकदम बंद करण्यापेक्षा ३५, मग २०, मग १० असं उतरवत नेलं तर मालधनी दरम्यान काठाजवळ गोदाम शोधतो, परतीचा माल जमवतो. एकदम बंद केलं की शेवटच्या महिन्यात सगळे परत ट्रककडे जातात.

माल पाठवण्याआधी काय तपासावं

पहिलं, परतीची फेरी. बार्ज वाराणसीला खत घेऊन गेली आणि रिकामी परत आली, तर तिचा मालक दोन्ही फेऱ्यांचं भाडं तुमच्याकडून घेणार. परतीला निम्मी जरी भरणार असेल तरी जातानाचं भाडं लक्षणीय उतरतं. भाव ठरवायच्या आधी परतीचा माल कुणाचा, ते विचारावं. रेल्वेही रिकाम्या दिशेच्या मालाला सवलत देते, म्हणून तुमचा माल रेल्वेच्या कुठल्या दिशेचा आहे तेही बघून घ्यावं. रेल्वे सूट देत असेल तर नदी तिथे हरते.

दुसरं, कागद. परतावा पाण्यावरच्या टप्प्याच्या खर्चाचा मिळतो, म्हणून बार्जचं भाडं आणि दोन्हीकडचा ट्रक यांची बिलं पहिल्यापासून वेगळी घ्यावीत. एकाच वाहतूकदाराने दारापासून दारापर्यंत एक रक्कम लावली तर पाण्याचा वाटा किती, यावरच वाद होतो. आणि परतावा म्हणजे आधी खर्च, मग पैसे. मधल्या महिन्यांचं खेळतं भांडवल स्वतःचं लागतं. वरच्या हिशेबात त्याचं व्याजही घालावं.

तिसरं, वाटेतले अडथळे. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये हिवाळा-उन्हाळ्यात गंगेवर पिपांचे तरंगते पूल बांधतात. जहाज जायचं तर पुलाचे काही पिपे सोडवून वाट करावी लागते, आणि तोपर्यंत पुलावरची रहदारी थांबते. आधी कळवलेलं नसेल तर दिवस जातो. मार्गावर असे किती पूल आहेत आणि ते उघडण्याची सूचना कोण देणार, हे बार्जवाल्याकडून लेखी घ्यावं.

शेवटचं, चाचणी फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेऊ नये. पावसाळ्यानंतर नदी भरलेली असते, बार्ज पूर्ण भरते, दर सुंदर बसतो आणि त्यावर वर्षभराचा करार होतो. मग मार्चमध्ये पाणी उतरतं, तीच बार्ज दोन तृतीयांश भरून निघते आणि भांडण सुरू होतं. चाचणी मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी, आणि करारात टनाचा एकच दर न लिहिता खोलीनुसार दर लिहावेत: तीन मीटरला इतका, अडीचला इतका, दोनला इतका. खोलीचा आकडा प्राधिकरणाने त्या आठवड्यात जाहीर केलेला धरायचा, बार्जवाल्याने सांगितलेला नव्हे.